सरळ सांध्याची थप्पी

नोकरीत पंचनामे बरेच लिहिले आणि त्यातले बरेच विसरलोही. पण एका गोदामातली खोक्यांची थप्पी अजून डोळे मिटले की जशीच्या तशी समोर उभी राहते, आणि हसू येतं. चोरीच्या प्रकरणात हसण्यासारखं काय असतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाचून बघा.

नाव मी कोणाचंच सांगणार नाही. माझ्याबद्दल मात्र दोन गोष्टी सांगाव्या लागतील. मी सातवी पास. पुढे शाळेत मन रमलं नाही. शिपाई म्हणून भरती झालो तेव्हा तेवढं शिक्षण चालत होतं. तिथून सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो, आणि त्यासाठी कोणाची चिठ्ठी नेली नाही. दुसरी गोष्ट, भरतीच्या आधी दोन वर्षं मी नगरच्या मार्केट यार्डात हमाली केली. ज्वारीची पोती, गुळाच्या ढेपा, कांदा. हे मी कधी लपवलं नाही. या प्रकरणात तर तीच दोन वर्षं कामाला आली.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी नगरच्या औद्योगिक भागातल्या एका ठाण्यात होतो. दसरा होऊन गेला होता. सोमवारी सकाळी हजेरी झाली, रात्रीच्या माणसांनी चार्ज दिला, मी स्टेशन डायरी घेऊन बसलो, तोवर एका कंपनीचे मॅनेजर आले. फवारणीची औषधं ठेवायचं मोठं गोदाम होतं त्यांचं. जुन्या मालाची एक थप्पी उतरवायला घेतली, तर बाहेरून भरलेली आणि आतून पोकळ. मधली सगळी खोकी गेलेली, नुसत्या भिंती उभ्या. कुलूप फुटलेलं नाही, पत्रा उचकटलेला नाही. म्हणजे चोर आतलाच.

सोबत त्यांनी एक निनावी चिठ्ठी आणली होती. त्यांच्या केबिनच्या दाराखालून कोणीतरी सरकवलेली. त्यात एवढंच होतं की चोर बाहेर शोधू नका, हमालांच्या टोळीत शोधा, तात्याला विचारा. खाली सही म्हणून ‘एक हितचिंतक’.

मॅनेजरचं मत त्या चिठ्ठीवरच पक्कं झालं होतं. शनिवारपर्यंत छडा लागला नाही तर सगळी टोळी काढून नवी लावतो म्हणाले. आमचे इन्स्पेक्टर साहेब वयानं माझ्या मुलाएवढे, हुशार, दोन पदव्या घेतलेले. त्यांनी तपास माझ्याकडे दिला आणि सांगितलं, “फौजदार, तात्याला आणा, दोन दिवसांत उरका.” मी म्हटलं, आणतो, पण आधी गोदाम बघतो. माझी ती सवय होती. माणसाला हात घालायच्या आधी जागा बघायची. साहेबांना ती सवय म्हणजे हट्ट वाटायचा. वाटू दे.

तात्या म्हणजे आठ हमालांच्या टोळीचा पुढारी. नगर जिल्ह्यात तात्या गल्लोगल्ली आहेत, म्हणून एवढं म्हणायला हरकत नाही. माणूस पाथर्डीकडचा. सहा वर्षांपूर्वीपर्यंत ही आठही घरं दर दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायची. पोरंबाळं, भांडी, शेळी, सगळं ट्रकमध्ये घालून. मग या गोदामात काम मिळालं, जवळच पत्र्याच्या खोल्या घेतल्या, आणि पोरं सलग शाळेत बसायला लागली. तात्याची मुलगी नववीत होती, वर्गात पहिली. टोळी काढली तर आठही घरं परत ट्रकमध्ये चढणार, एवढा सरळ मामला होता.

मंगळवारी सकाळी गोदामात गेलो. दारात सुपरवायझर उभा. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. माझ्यासाठी खुर्ची मागवली आणि स्वतःच्या रुमालानं पुसून दिली. माझा अनुभव असा की पोलिसाला खुर्ची सगळेच देतात, पण पुसून देणाऱ्याकडं जरा जास्त बघावं. अर्थात खुर्ची पुसणं हा काही गुन्हा नाही. मी बसलो, चहा घेतला. तो मला काका काका म्हणत होता. हमालांबद्दल वाईट बोलायची त्याची इच्छा नव्हती म्हणे, पण गरीब माणसं आहेत काका, मोह होतो, असं दोनदा बोलून गेला.

कॅमेरे होते. साहेबांनी आमच्या संगणकवाल्या पोरीला सगळं बघायला बसवलं होतं. हमाल सकाळी येतात, गेटवर झडती होते, संध्याकाळी पुन्हा झडती, रिकाम्या हातानं जातात. आत मात्र थप्प्या इतक्या उंच की मागच्या भिंतीकडचं काही दिसत नाही.

मी उठलो आणि थप्प्यांमधून फिरायला लागलो. आता थप्पी म्हणजे काय, ते ज्यांनी लावली नाही त्यांना सांगतो. खोकी एकावर एक रचली की थप्पी होत नाही, ढीग होतो. खालच्या दोन खोक्यांमधल्या फटीवर वरच्या खोक्याचं पोट आलं पाहिजे. एक थर उभा, एक थर आडवा. गवंडी विटा लावतो तसं. याला सांधा मोडणं म्हणतात. सांधा मोडला नाही की वरपासून खालपर्यंत एक सरळ फट पडते, आणि जरा धक्का बसला की थप्पी अंगावर येते. यार्डात पहिल्या आठवड्यात मी सरळ सांध्याची थप्पी लावली होती. म्हाताऱ्या मुकादमानं ती लाथेनं पाडली आणि मला पुन्हा लावायला सांगितलं. एकदा नाही, पाच वेळा. त्यानंतर हात आपोआप सांधा मोडतो.

मागच्या भिंतीकडं एक थप्पी होती. तिला कमरेपासून वर सरळ फट. खाली सांधे मोडलेले, वर सरळ, म्हणजे वरचा भाग कोणीतरी नंतर पुन्हा लावलेला. मी तात्याला हाक मारली आणि बोटानं फट दाखवली. त्यानं बघितलं, आणि मान खाली घातली.

पंच बोलावून ती थप्पी उतरवली. आत पोकळ. आणखी एक निघाली, तीही तशीच.

तात्याला ठाण्यात आणलं. उंच दांडगा माणूस, मान बैलासारखी, पण बाकावर अगदी टोकाला टेकला होता. मी विचारलं, थप्पी कोणी लावली. म्हणाला, आमीच लावली आसंल. तू लावली का? गप्प. मग कोणी? गप्प. पाणी दिलं, प्यायला. जेवण मागवलं, खाल्लं नाही. दोन तास गेले. साहेब दारातून एकदा डोकावून गेले, बघितलंत ना, अशा नजरेनं. मलाही शंका आली, खोटं कशाला सांगू. ज्याला काही माहीत नसतं तो माणूस बडबड करतो. गप्प बसणाऱ्याकडं काहीतरी असतं.

तेवढ्यात पाळतीवर ठेवलेला आमचा शिपाई पळत आला. बातमी अशी की सोमवारी संध्याकाळी तात्या भिंगारच्या बाजारात लोहाराकडं गेला होता आणि चार कोयत्यांना धार लावून आणली होती. शिपायाचे डोळे मोठे झालेले. हत्यारं, साहेब, हत्यारं.

मी तात्याला विचारलं, कोयते कशाला?

तेव्हा तो पहिल्यांदा नीट बोलला. “रविवारी ट्रक येनार हाय, साहेब. मॅनेजर शनवारी काढनार. मग धार नको का लावायला? सहा वर्सं भितीला गंजत हुते.”

शिपाई हळूच बाहेर गेला.  मी खुर्ची तात्याच्या जवळ ओढली आणि म्हटलं, “तात्या, मीही हमाली केली आहे. ती फट तुला आज दिसली नाही, आधीच दिसली होती. तू कोणाला झाकतोस?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो सांगायला लागला. बायकोचा धाकटा भाऊ दोन महिन्यांपूर्वीच एका आजारी हमालाच्या जागी टोळीत आला होता. गणपतीच्या सुमाराला तात्याला पहिल्यांदा सरळ सांधा दिसला. टोळीतली बाकीची माणसं जुनी, असलं काम करणार नाहीत. म्हणजे नवा तोच. त्यानं मेहुण्याला झापलं. मेहुणा आईची शपथ घेऊन म्हणाला, मी नाही लावली. तात्याला ते पटलं नाही. नंतर थप्पी पोकळ निघाली तेव्हा तात्याची पंचाईत झाली. मेहुण्याचं नाव घ्यावं तर बायको तोंड बघणार नाही, न घ्यावं तर आठ घरं उठणार.

मी विचारलं, गोदामात तुम्हा आठ जणांशिवाय कोणीच नसतं का?

“आसत्यात की. वॉचमन आसतो, सुपरवायझर साहेब आसत्यात. पन साहेब लोक खोक्याला हात लावत्यात व्हय?”

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. कारण मीही तेच धरून चाललो होतो. पोलीस म्हणून अडतीस वर्षं काढली, पण इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस ओझं उचलेल हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. तो हमाल चुकला आणि मीही तिथंच चुकलो.

बुधवारी सकाळी मी कंपनीतून टेम्पोभर रिकामी खोकी मागवली. आत वाळू घालून ती जड केली आणि ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उतरवली. आठही हमाल, वॉचमन आणि सुपरवायझर, सगळ्यांना जबाबासाठी म्हणून बोलावलं. जबाब नंतर, आधी प्रत्येकानं पंधरा पंधरा खोक्यांची थप्पी लावायची, असं सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही. सुपरवायझर हसून म्हणाला, काका, ही कसली चौकशी. मी म्हटलं, सातवी पास माणसाची चौकशी अशीच असते.

हमालांनी हात लावला आणि बघता बघता आठ थप्प्या उभ्या. एकाचाही सांधा सरळ नाही. सगळ्यांचे डोळे मेहुण्याकडं होते. पोरगेलासा गडी, घाबरलेला, तरी एक थर उभा, एक आडवा, बोटं आपोआप फिरत होती. त्याला यार्डात कोणी शिकवलं नव्हतं. तात्यानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं, बहुतेक माझ्या मुकादमाच्याच पद्धतीनं. शेवटचं खोकं ठेवून त्यानं तात्याकडं बघितलं. तात्या उठला आणि त्याच्या थप्पीला चारही बाजूंनी फेरी मारली, जशी बैल विकत घेताना मारतात. मग सगळ्यांच्या देखत म्हणाला, “दाजी चुकला रं.” मेहुण्याला रडावं की हसावं कळेना.

वॉचमन माजी सैनिक. त्यानं खोकी रांगेत मांडली, एकावर एक ठेवायलाच तयार नव्हता. शिस्त मोडते म्हणाला. आमच्या दोन शिपायांनाही चेव आला. त्यांनी लावलेली थप्पी सातव्या खोक्याला कोसळली, ती नेमकी पाळतीवरच्या शिपायाच्या पायावर. अख्खं आवार हसत होतं. त्या गडबडीत सुपरवायझरनं आपली पंधरा खोकी झरझर लावली. कोणी शिकवल्याशिवाय, सराईत हातानं, श्वाससुद्धा न लागता. पाच पाच खोक्यांचे तीन खांब. सरळ सांधा, वरपासून खालपर्यंत.

तेवढ्यात साहेबांची गाडी आत आली. त्यांनी आवार बघितलं, थप्प्या बघितल्या, पाय धरून बसलेला शिपाई बघितला. मी त्यांना बाजूला नेऊन दोन फटी दाखवल्या. एक समोरची, एक मोबाईलमधल्या फोटोतली, गोदामातली. साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, “फौजदार, हे कोर्टात टिकायचं नाही.” मी म्हटलं, टिकायचं नाही, पण आता कुठं बघायचं ते कळलं.

माल बाहेर कसा जातो ते मला चहावाल्या मावशींनी सांगितलं. कंपनीच्या गेटसमोर त्यांची टपरी. संध्याकाळी तिथं बसलो आणि सुपरवायझरचा विषय काढला. मावशींनी आधी मला दोन कप चहा पाजला, मग बोलल्या. आधी हा माणूस स्वतःचा डबासुद्धा दुसऱ्याकडून उचलून आणवायचा. पण गेले दोन महिने दर गुरुवारी हमाल जेवायला बाहेर बसले की फाटक्या पुठ्ठ्याची रद्दी स्वतः टेम्पोत भरतो.

“आन् फौजदार,” मावशी म्हणाल्या, “मी काय शिकलेली न्हाई. पन पुठ्ठ्याच्या वज्यानं टेम्पोचं चाक एवढं बसतं व्हय?”

गेटवर रद्दीची झडती कोण घेणार. पुठ्ठाच तर आहे. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. तर म्हणाल्या, कोणी विचारलंच नाही. खरं होतं. मंगळवारपासून आम्ही तिथं चहा पीत होतो.

गुरुवारी दुपारी दोन पंच घेऊन पुढच्या वळणावर थांबलो. दीडच्या सुमाराला टेम्पो आला, चाकं बसलेली. पुठ्ठा बाजूला केला तर खाली बारा भरलेली खोकी, कंपनीचं सील शाबूत. चालकानं तिथंच हात जोडले आणि राहात्याकडच्या एका दुकानाच्या मागची खोली सांगितली. पंचनामा उरकून गोदामात गेलो. सुपरवायझर दारातच होता. या वेळी खुर्ची मागवली नाही. मी म्हटलं, चला, तुमच्या थप्पीचं बोलू. तो खाली बसला. बसताना शर्टाची बाही वर गेली आणि कोपराजवळ खोक्याच्या कडेनं पडतात तसे वळ दिसले. तसे वळ माझ्या अंगावरही होते, चाळीस वर्षांपूर्वी.

शुक्रवारी राहात्याहून बराचसा मुद्देमाल परत आणला. हितचिंतकाची चिठ्ठीही त्यानंच लिहिल्याचं कबूल केलं. पुढचं काम कोर्टाचं, ते कोर्टानं केलं.

शनिवारी मॅनेजर टोळीसमोर उभे राहिले. माफी मागणं त्यांना जमत नव्हतं, तीनदा चष्मा पुसला. पण काम चालू राहील म्हणाले, आणि मेहुण्यालाही ठेवतो म्हणाले. तात्यानं मान हलवली, एवढंच. तो माणूस मोठ्यानं आनंद करणारा नव्हताच.

रविवारी सकाळी मला घरी बसवेना. साध्या कपड्यात मोटारसायकल काढली आणि त्यांच्या खोल्यांकडं गेलो. ट्रक आला होता. ऊसतोडीच्या मुकादमानं भोंगा वाजवून वाजवून गल्ली डोक्यावर घेतली. तात्या दारात दात घासत उभा होता. “जावा पुढं,” म्हणाला, “आमची पोरं शाळंत हायेत.” आज रविवार आहे, शाळा कसली, असं मुकादम ओरडला. तात्याची मुलगी आतून म्हणाली, उद्या सोमवार हाय की. ट्रक गेला. बायका ज्या हसल्या, ज्या हसल्या. तात्याच्या बायकोनं मला बघितलं आणि भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते लिहायला हवं. माणूस तोंडानं काहीही सांगतो, चिठ्ठीत काहीही लिहितो, पण त्याच्या हाताला जी सवय असते ती त्याला लपवता येत नाही. तपास करणाऱ्यानं आधी हात बघावेत. आणि कोण काय उचलणार नाही, हे आपल्याच मनानं ठरवून बसू नये. मी बसलो होतो. त्यापायी एक चांगला माणूस दोन तास माझ्यासमोर बाकाच्या टोकावर बसला, याची मला आजही लाज वाटते. हे मी सहसा कोणापुढं बोलत नाही.

सोमवारी गोदामात उतरवलेल्या थप्प्या पुन्हा लावायच्या होत्या. तात्यानं मला बोलावणं धाडलं. मावशींनी सगळ्यांना चहा आणला होता. तात्यानं घरून नारळ आणला होता, आणि फोडायला तोच धार लावलेला कोयता. उलट्या बाजूनं एक घाव, दोन भकलं. खोबरं वाटून झाल्यावर सगळ्यांनी आग्रह धरला की पहिला थर फौजदारांनी लावायचा. मी बाह्या सावरल्या. चाळीस वर्षं झाली असली तरी हे काम मी विसरणारा नव्हे, असं सांगितलं आणि एक थर लावला, मग दुसरा लावला. कंबर जरा धरली होती, पण दाखवलं नाही. तिसऱ्याला मला वाटलं, सगळे फारच शांत झालेत.

तात्या पुढं आला. वाकून थप्पीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“साहेब,” तो म्हणाला, “आता तुमालाबी आत घ्यावं लागंल.”

वरपासून खालपर्यंत सरळ फट. मॅनेजरसुद्धा हसले. मेहुणा तर पोट धरून खालीच बसला. जमीन तिथं चढउताराची होती, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी आजही सोडलेलं नाही. पण तात्यानं एक पाय उचलला आणि माझी थप्पी लाथेनं पाडली. मग मी ती पुन्हा लावली.